व्हिसा लागत नाही, बाकी सगळं लागतं

थायलंडला फिरायला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, ही बातमी पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत मी आणली. तोवर लोक बिचारे अज्ञानात सुखी होते. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले. निवृत्तीनंतर तपासायला फक्त दुधाची पिशवी उरली होती. त्यामुळे तिथली बुद्धविहारं बघायला जायचं ठरलं, तेव्हा मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

जाणारे तिघं. मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. तो आंजीला शेती करतो.

"भाऊजी, व्हिसा नाई लागत म्हणते ना? मंग पासपोर्ट काढला का झालं," तो म्हणाला.

मला त्याची कीव आली. "व्हिसा नाई लागत म्हणजे बाकी सगळं लागते," मी म्हटलं आणि यादी वाचून दाखवली. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, राहण्या-खाण्यापुरते पैसे जवळ असल्याचा पुरावा, उतरायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा फॉर्म. शिवाय पासपोर्टची मुदत पुढे निदान सहा महिने हवी. हा शेवटचा मुद्दा मी दोनदा वाचला, कारण साध्या माणसांच्या तो ध्यानात राहत नाही.

त्यानं आणलेली कागदांची फाईल मी दोनदा परत केली. एकदा सही निळ्या शाईत नव्हती म्हणून, एकदा झेरॉक्स तिरपी होती म्हणून. दोन्ही वेळा तो आंजीहून एसटीनं आला आणि एसटीनं गेला.

"तिकडचे लोक तिरपं वाचत नाई का, भाऊजी?" त्यानं विचारलं. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे मी नोकरीतच शिकलो होतो.

मग मी त्याची मुलाखतही घेतली. "काऊन आले?"

"बुद्ध पाहाले."

"परत जाणार कशावरून?"

"माह्या दोन गाई हायेत ना घरी!"

मी त्याला नापास केलं. गाय हा कागद नव्हे.

निघायच्या दिवशी शेजाऱ्यांनी हार घातले. नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं आधी मेव्हण्याचा पासपोर्ट पाहिला, मग बायकोचा. दोन्ही कोरे करकरीत, नुकतेच काढलेले. माझा मात्र जुना, साडेनऊ वर्षांच्याही आधी हौसेनं काढून कपाटात जपून ठेवलेला. त्यावर एकही शिक्का नव्हता. तिनं तो उलटापालटा केला.

"सर, तुमच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपते. सहा महिने लागतात."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. खरंच माहीत होतं. दोघांचेही पासपोर्ट मी भिंगातून तपासले होते. माझा तपासायचा राहिला, कारण तो माझा होता.

मग एकतीस वर्षांत लोकांनी माझ्या टेबलासमोर जे जे केलं, ते सगळं मी पंधरा मिनिटांत करून पाहिलं. आम्ही आठच दिवस चाललो हो. तुमच्या साहेबांना विचारून पाहा. मी स्वतः सरकारी माणूस आहे. तिनं साहेबांना विचारलं. साहेबही "नाही" म्हणाले, तेही इतक्या अदबीनं की भांडायची सोय राहिली नाही.

मला वाटलं, आता तिघंही परत फिरू. बायकोनं घड्याळ पाहिलं. "मंग आमी निंघतो," ती म्हणाली. "फ्रिजात भाजी हाये."

मेव्हणा तेवढा ओशाळला. "भाऊजी, तुमी आंजीले जाता का? गाईचं शेजाऱ्याले सांगतलं हाये, पण घरचा माणूस असला तं बरं."

हार घालणाऱ्या शेजाऱ्यांना तोंड दाखवण्यापेक्षा गाई परवडल्या. आठ दिवस मी आंजीत शेण काढलं आणि वैरण टाकली. त्यातल्या एकीनं तिसऱ्या दिवशी लाथ मारली.

बँकॉकहून बायकोचा फोन आला. मी आधी हेच विचारलं, "तिथल्या साहेबानं काय काय तपासलं?"

"काई नाई. पासपोर्ट पाह्यला, आमच्याकडं पाहून हसला, शिक्का मारला."

"आणि फाईल?"

"ते काढालेच नाई लागली. ब्यागेतच हाये."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मोठ्ठा बुद्ध हाये हो. हा तं पाहूनच रडाले लागला. मलेई काही सुचेना. तुमच्या नावानं एक मेणबत्ती लावली मी."

मी फोन ठेवला आणि उगाच गोठ्यात जाऊन उभा राहिलो. इतके दिवस कागदांची चर्चा चालली, पण बुद्धासमोर उभं राहिल्यावर काय वाटेल, हे आम्ही एकदाही बोललो नव्हतो. मी बोलूच दिलं नव्हतं.

दोघं परत आली. गाईंचं दूध कमी झालंय, हे मेव्हण्यानं पाहिलं आणि दोघींच्या पाठीवरून हात फिरवला. माझा पासपोर्ट मी नवा करून घेतला. तो आल्याबरोबर बायकोनं माझ्या हातातून घेतला, पानं उलटून मुदत वाचली आणि स्वतःच्या कपाटात ठेवला. पुढच्या वर्षी श्रीलंका म्हणते. तिथं काय काय लागतं ते तिचं तिनं मोबाइलवर काढलं आहे, आणि मला फक्त फोटो काढून आणायला सांगितलं आहे. पांढरा पडदा मागे, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत.