पळस्प्याची पोपटी आणि सल्फेटचं ढेकूळ

पळस्प्याहून धर्माचं कार्ड आलं, 'शेत बघायला आणि पोपटी खायला या'. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा! मी हुरळलोच. मी शेतकी खात्यातला प्रात्यक्षिकवाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या भाताला अमोनियम सल्फेट मीच घालायला लावलं होतं, आणि पहिल्या साली पीक असं आलं की त्याने माझा फोटो मागितला. आता सत्कारच असणार, म्हणून कोटाला इस्त्री केली.

जाणाऱ्यांनी ठाण्याहून सकाळची पहिली एसटी धरावी. मुंब्रा, शीळफाटा, तळोजा करत पनवेलला पोचेस्तोवर इतकी धूळ बसते की इस्त्री कुणाला दिसत नाही. स्टँडसमोर चहा दहा नवे पैसे, भजी बरी. पुढे कर्नाळ्याचा सुळका समोर ठेवून पळस्प्यापर्यंत टांगा, मग बांधावरून पायी.

शेतात धर्माने मला बसायला ढेकूळ दिलं. खोटं नाही सांगत, पाटाएवढं! त्याची आई दुसऱ्या ढेकळाने बैलाची खुंटी ठोकत होती. सत्काराचा नारळ धर्माने शेतावरच आपटला, एका घावात दोन भकलं. साहेबांचं पांढरं खत असताना उकिरडा कशाला वाहायचा, म्हणून त्याने शेणखत बंदच केलं होतं. माती अशी आवळली होती की भातानंतर पेरलेला वाल वर आलाच नाही. मी कुदळ मारली, मनगट झिणझिणलं, गांडूळ एक दिसेना. पलीकडे त्याच्या आईच्या तुकड्यात शेणखत होतं. तिथे बोट सहज दोन पेरं आत गेलं. पोपटीचं मडकं तिच्याच शेंगांनी भरलं होतं.

धर्मा मात्र खुशीत. त्याच्या मते सल्फेट कमी पडलं होतं. यंदा दुप्पट घालायचं, त्यासाठी जोडीतला एक बैल विकायला काढलेला.

म्हातारीने वाफाळत्या शेंगा पुढ्यात ठेवल्या. कार्ड तिनेच लिहवून घेतलं होतं. "तीन वर्सं बोंबलतेय, शेण घाल. माजा ऐकत नाय. तुजा ऐकल. बोल, बाबा."

गावोगाव भाषणं ठोकणारा मी, चार शेजाऱ्यांदेखत कोट घालून ढेकळावर बसलेला. कोट काढून बांधावर ठेवला.

"धर्मा, बैल विकू नकोस. शेणखत घाल, गाड्या भरभरून. सल्फेट अगदी बेताचं. मी तुला अर्धंच सांगितलं होतं, चूक माझी."

धर्माने आदराने मान डोलावली. "शेण. साहेब, हा तुमचा नवीन शोध हाय?"

म्हातारीने कपाळावर हात मारला, पण बैल सोडून गोठ्याकडे नेला तो तिनेच, आणि हसत.

घरी पोपटीचा वास दोन दिवस बोटांना होता, लाज अजून आहे. सोमवारी दुसऱ्या गावात माझं तेच सल्फेटचं भाषण ठरलेलं. मंडळी जमली, पोतं उघडलं. मी आधी विचारलं, घरी म्हाताऱ्या कोण कोण आहेत? त्यांना बोलवा, आज त्या बोलतील.