प्रशिक्षण साहेबांना, कुऱ्हाड गणपतच्या हातात

मंडळी, रागाच्या भरात लिहितेय, चुका पोटात घाला.

आज परभणीत शहरातल्या झाडांची निगा आणि वृक्षतोडीचा कायदा यावर महापालिकेचं प्रशिक्षण होतं. फांदी कुठून छाटायची, परवानगी कधी लागते, सगळं उत्तम शिकवलं. निवृत्तीनंतर वेळच वेळ, म्हणून मीही गेले. पुढे साहेब, मागे कारकून. प्रत्यक्ष झाडावर चढणारा एकही माणूस नव्हता!

घरी येते तर आमच्या गल्लीतला कडुनिंब एका बाजूनं पार भुंडा. वर कुऱ्हाड घेऊन महापालिकेचा गणपत.

"अरे, आज तुमचं प्रशिक्षण होतं ना?"

"ते साहेबलोकायचं, बाई. आमाला म्हणले, लाइटीच्या तारा मोकळ्या करा."

"आणि परवानगी?"

"मला काय माहीत? झाड दावलं, तोडायलोय."

त्याच्यावर काय ओरडायचं? मी प्रशिक्षणाला आलेल्या त्याच्या साहेबांना फोन लावला.

"मॅडम, आजच तर शिकलो. अंमलबजावणी हळूहळू होईल."

तोल गेलेलं झाड वादळात कुणाच्या घरावर पडेल, तेव्हा ते हळूहळू पडणार नाही, साहेब!

उरलेल्या फांद्या उद्या सकाळी तोडणार आहेत. मी झाडाखाली खुर्ची टाकून बसणार आहे. नुसते लाइक नकोत. कोण कोण येतंय?