तुलनेसाठी मामांचा हात

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत भरवशाची वस्तू कुठली, तर पट्टामामांचा उजवा हात. रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, हे त्यांचं काम. पट्ट्याआधी एकदा रक्त घ्यायचं, नंतर एकदा. दोन्ही नळ्यांत गाठ धरू द्यायची आणि ती कधी विरघळते ते बघत बसायचं. दुसरी आधी विरघळायला हवी; नाही तर त्या माणसाच्या नसांत गाठी धरण्याचा धोका.

हे असं का होतं, ते मी नवीन असताना मामांनीच सांगितलं. "रक्त अडलं का नसच गाठ इरघळवाचं औषध सोडते, पोरी. अडल्याबिगर सोडत नाई." नंतर जाडजाड पुस्तकं वाचली, पण त्यात याहून वेगळं काही नव्हतं.

त्या दहा मिनिटांत हात निळसर पडतो, मुंग्या येतात, माणूस घाबरतो. मामा शेजारी उभे राहून त्याच्या गावची, सोयाबीनची, सुनेची चौकशी करत. स्वतः देवळीहून रोज बसमध्ये उभ्यानं आलेले असत, पण स्टुलावर टेकत नसत.

प्रत्येक खेपेला तुलनेसाठी एका निरोगी माणसाचं रक्त लागे. त्या वेळी आम्हा सगळ्यांना नेमकी दुसरी कामं आठवत. मामा निमूट बाही वर करत. वर्षानुवर्षं निरोगी म्हणजे मामा, असंच आम्ही धरून चाललो.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या दुसऱ्या नळीतली गाठ लवकर विरघळेना. पहिलीइतकाच वेळ. मामा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "एक डाव पुन्हा पाह्यतं का? पोटरीही दुखून राह्यली."

मी थकले होते. बसमध्ये उभं राहून दुखत असेल, म्हटलं. नमुना बिघडला असणार, मामांचं रक्त कसं चुकेल? नळी धुतली आणि तुलनेला कारकुनाचा हात घेतला.

महिनाभरात पायातली गाठ त्यांच्या फुप्फुसात गेली. मामा गेले. डॉक्टर म्हणतात, एका नळीवरून काही ठरत नसतं. खरंही असेल. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला आहे.

आता पट्टा मी आवळते आणि तुलनेला हातही माझाच असतो. शंका आली की नमुना पुन्हा घेते. मामांची शिस्त उचललीस, असं सगळे कौतुकानं म्हणतात. इतक्या वर्षांत मामांनी स्वतःसाठी एकदाच काही मागितलं होतं, आणि ते दहा मिनिटांचं काम होतं.