बाबांचा कावळा आणि पेकनवरचं बांडगूळ

टेक्सासमधल्या प्लेनोतले कावळे माझ्या वडिलांना ओळखत नाहीत.

ओळखणार कसे? बाबा इथे कधी आलेच नाहीत. तीनदा तिकीट ठरलं आणि तीनदा मीच ते पुढे ढकललं (एकदा प्रोजेक्ट, एकदा किचनचं रिनोव्हेशन, आणि तिसऱ्यांदा काय होतं ते आता आठवतही नाही). गेल्या डिसेंबरात ते गेले. वर्षश्राद्धाला आई माझ्याकडे होती, म्हणून बॅकयार्डात पान वाढून ठेवलं आणि वाट बघत बसलो. कावळा शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हती, आणि तिला डायबेटिस!

बारा वाजले, एक वाजला. फेन्सवर दोन कावळे बसले होते, पण पानाकडे ढुंकून बघेनात.

"काहीतरी राहिलंय रे त्यांचं," आई म्हणाली.

काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. तेवढं सोडून मी बाकी सगळी वचनं दिली. "बाबा, आईला सांभाळीन. बाबा, इराला मराठी वाचायला शिकवीन." कावळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विश्वास बसला नसावा.

तेवढ्यात आईची नजर वर गेली. अक्रोडाच्या जातीच्या पेकनच्या झाडाचा थंडीनं नुसता खराटा झाला होता, आणि मधेच एक हिरवागार झुबका.

"बांडगूळ वाढवलंयस झाडावर?" आई संगमेश्वरची. आंब्यावरची बांडगुळं बाबा दरवर्षी स्वतः चढून तोडायचे.

"आजी, दॅट्स मिसलटो," माझी लेक इरा म्हणाली. "ख्रिसमसला दारावर लावतात. खाली दोघं उभे राहिले की किस करायचं. डॅडनी फ्रंट डोअरला लावलंय ना!"

"श्राद्धाच्या घरात?" (शेजारणीनं कौतुकानं एक डहाळी मागितली, तेव्हा मलाही एक आपल्या दारावर लावायचा हुरूप आला होता.) "झाडाच्या जिवावर जगतं मेलं. म्हणूनच शिवत नाहीये तो. आधी काढ ते."

हे वचन मला सोयीचं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी, धोतर नेसून, शिडी लावून मी झाडावर चढलो. बांडगूळ तुटलं. फांदी तुटली. पाठोपाठ मीही खाली आलो.

एक कावळा घाबरून उडून गेला. माझा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"हलू नकोस," आई कुजबुजली. मला वाटलं, माझ्या काळजीनं. "उतरलाय दुसरा. उडेल."

कावळा पानापाशी आला आणि नुसताच थांबला. पाय ठणकत होता, लाज वाटत होती, शेवटी मला रडूच फुटलं. "बाबा, तिकीट मीच ढकललं. दर वेळी. तुम्हाला घर दाखवायचं राहिलं. चुकलं माझं."

कावळ्यानं वड्यावर चोच मारली.

आईनं हात जोडले, डोळे पुसले आणि "चला, शिवला एकदाचा," म्हणत इराला घेऊन जेवायला आत गेली. अँब्युलन्ससाठी नाइन-वन-वनला फोन मी गवतात पडल्यापडल्या स्वतःच केला.