कल्ले उघडून दाखवणारी

वर्सोव्याच्या बाजारातली ही कोळीण गिऱ्हाईकाने न मागताही प्रत्येक माशाचे कल्ले उघडून दाखवते. लाल दिसले तरच घ्या, असा तिचा हुकूम! मी वकील आहे हे कळल्यापासून मात्र सुरमई कापता कापता ती माझीच उलटतपासणी घेते.

तिचा भाऊ खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप भोगतोय. खटल्यातल्या एकमेव साक्षीदाराला भावाच्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नव्हता. देशातली सगळी अपिलं फेटाळली गेली.

"वकीलसाहेब, युरोपात म्हणं देशाच्या वरचं कोर्ट हाय. सोडवंल काय माझ्या भावाला?"

मी ऐटीत म्हणालो, "सोडवत नाही, बाई. गुन्हा कुणी केला हे ते ठरवत नाही. खटला नीट चालला का, एवढंच तपासतं."

"म्हंजे मासा घेत नाय, कल्ले बघतं. मना तेवढंच पायजे!"

"पण ते फक्त युरोपातल्या देशांसाठी. आशियात असं कोर्टच नाही."

तिने कोयता फळीवर असा आपटला की शेजारणीची कोलंबी उडाली.

"नाय? मग मागूया ना! पयला अर्ज माझा. लिवा!"

तिथेच पाटावर बसून मी आयुष्यातला पहिला बिनपत्त्याचा अर्ज लिहिला. आता रोज कल्ले उघडून दाखवताना ती विचारते, "पत्ता गावला?"