माठाजवळची मुलगी

मी एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो होतो; तिथे सहावीतली एक मुलगी माठाजवळ उभी होती. शाळा सेमी-इंग्रजी; गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. माठातलं पाणी गार का होतं, हे तिने परीक्षकांना एका दमात, सुरेख इंग्रजीत सांगितलं. ते मान डोलावून पुढे गेले. पाठांतर चोख आहे, मी मनात म्हटलं.

मग तिची आई आली. "इंग्रजीतलं काही कळलं नाही बाई. आता मला सांग."

मुलीने मराठीत सांगितलं. माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ आतली उष्णता घेऊन जाते.

"मग पावसाळ्यात का नाही गं एवढं गार होत?"

मुलगी ओल्या माठावर तळवा ठेवून उभी राहिली आणि एकदम ओरडलीच, "आई, पावसाळ्यात कपडे तरी कुठे वाळतात? हवाच ओली असते!"

दोन भाषांत मुलांचा गोंधळ उडतो, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो, थोडंफार मानतही आलो. शाळेत शिकलेली गोष्ट घरच्या भाषेत आणली की घर तिला प्रश्न विचारतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ती धावत परीक्षकांकडे गेली. "सर, वन मोअर थिंग!" आता तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण ते पाठ केलेलं नव्हतं. एका जागी शब्दच सापडेना, तेव्हा तिने दोन्ही हातांनी हवेतच कपडा पिळला.

आई माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "कपड्यांचं सांगतेय बघा!"