कुंदाताईंची ओली भिंत

कुंदाताई टाईल आधी ऐकायच्या, मग बघायच्या. भट्टीतून निघालेली प्रत्येक टाईल कानाशी धरून टिचकी मारायच्या. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली की बाजूला. तेवढ्यात कुणी बोललं तर खेकसायच्या, "गप गो, मी ऐकत्ये ना!"

आरे-वारेच्या रस्त्याला त्यांची शेड होती. ओल्या मातीवर फणसाची पानं, नेचे, किनाऱ्यावरचे शिंपले दाबून त्या ठसे घेत. मी आर्किटेक्ट, मला टाईल वेळेवर हव्या असत. "भट्टी म्हणजे बाळंतीण. दार उघडून वारा लावायचा नाही," असं मला बजावून स्वतः मात्र भट्टीभोवती घिरट्या घालायच्या. इतकी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पाऊस आला तरी काळजी, नाही आला तरी काळजी.

एका बालरुग्णालयाच्या वॉर्डातली भिंत ही आम्हा दोघींची हौस. पडून राहिलेल्या पोरांना हाताने चाचपता येईल असं रान तिथे करायचं होतं. भिंत लावून झाली, उद्घाटन तोंडावर आलं आणि एका टाईलची धारदार कपची उडून खाटेवर पडली. टाईलमध्ये खळगा, खळग्यात पांढरा ठिपका.

ताईंचा चेहरा उतरला. "चुना," त्या म्हणाल्या. ठसा घेताना शिंपल्याचा तुकडा मातीत राहून गेला होता. भट्टीत त्याचा चुना झाला, आणि आता हवेतली ओल पिऊन तो फुगत होता. असे तुकडे आणखी कुठे कुठे आहेत, ते टिचकी मारून कळण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, वरून जाड वार्निश मारू या? निदान उद्घाटनापुरतं?"

"आणि मग पोराच्या डोळ्यात गेलं तर? भिंत भिजवू या. फुटायचं ते आपल्यासमोर फुटू दे."

"सगळीच गेली तर?"

"जाऊ दे. मी रडेन हो, तू पाणी तापव."

भिंतीवर गोणपाटं टांगून आम्ही गरम पाणी मारत राहिलो. मग रिकाम्या खाटेवर बसून वाट पाहणं. 'टक्' झालं की माझा जीव वरखाली व्हायचा. ताईंचे ओठ हलत होते. स्तोत्र असेल, नाहीतर शिव्या. फुटलेली प्रत्येक टाईल त्यांनी स्वतः छिन्नीने काढली. नव्या टाईल वाळायला वेळ नव्हता, म्हणून तिथे साधा गिलावा केला. भिंत देवीचे वण राहिलेल्या चेहऱ्यासारखी दिसायला लागली. मला बघवेना.

उद्घाटनाला ताई भिंतीला पाठ लावून उभ्या. एकाही पोराला जवळ येऊ देईनात. फोटोवाल्याला वाटलं, बाई मिरवतायत.

"ताई, आता बस झालं," मी म्हटलं.

"पावसाळा जाऊ दे गो एकदा. तोवर मला झोप नाही."

तो पावसाळाभर त्या येत राहिल्या. छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आणि सगळ्या भिंतीवरून उघडा तळहात फिरवायच्या, सावकाश. काही लागायचं ते आधी त्यांच्या हाताला लागावं म्हणून. पुन्हा काही उडालं नाही. त्याच थंडीत ताई गेल्या, बसल्या जागी.

परवा त्या वॉर्डात गेले होते. सलाईन लावलेली एक चिमुरडी फणसाच्या पानावर गाल टेकून बसली होती. माझा हात तिला मागे ओढायला पुढे गेला, आणि तसाच राहिला. तिची आई मात्र ओरडली, "अगो, लागेल ना काहीतरी!"

"बसू दे हो तिला," मी म्हटलं. "त्याची काळजी एक बाई करून गेल्यायत."